पायांनी मोजलेला रस्ता

लक्ष्मी रस्ता कुठे आहे हे पुणेकराला सांगू नये, आणि पुण्याबाहेरच्या माणसालाही फारसे सांगावे लागत नाही. ज्याच्या घरात एकदा तरी लग्न निघाले आहे, मुंज ठरली आहे, किंवा ज्याला निदान पुण्यात एखादी मावशी आहे, तो केव्हा ना केव्हा या रस्त्यावर येऊन, हाताला पिशव्यांचे वळ पाडून घेऊन परत गेलेला असतो. अलका टॉकीजच्या चौकातून पूर्वेकडे तोंड करून निघावे. साड्या, सोने, पुन्हा साड्या, पुन्हा सोने अशी ओळख पटवीत रस्ता पुढे सरकतो. कागदोपत्री तो थेट नाना पेठेपर्यंत जातो. पण आमच्यासारख्या सदाशिवपेठी माणसाचा लक्ष्मी रस्ता बेलबाग चौकात संपतो, आणि त्यापुढे जे काही आहे त्याला आम्ही 'तिकडे' म्हणतो. दगडूशेठ हलवाई यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्या नावाचा हा रस्ता. सराफांच्या पेढ्या पाहून तो धनाच्या देवतेच्या नावाचा असावा, असे मात्र पुष्कळांना वाटते, आणि सराफही त्यांचा गैरसमज दूर करण्याच्या भानगडीत पडत नाहीत.

अलका चौक ते बेलबाग हे अंतर जेमतेम किलोमीटरभर. धडधाकट माणसाला पाऊण तासभर रेंगाळत जावे इतकेच. हा किलोमीटर आम्ही पाच जणांनी गेल्या श्रावणात दोनदा चालून पाहिला, टेपने मोजला, छापील तक्त्यात लिहिला आणि त्याचा अहवाल तयार केला. त्याची हकीकत सांगायची आहे.

पण त्याआधी दोन शब्दांबद्दल दोन शब्द. मराठीच्या मास्तराला एवढी सवलत वाचक देतीलच. 'पेठ' या शब्दाचा अर्थ बाजार, आणि पुण्याने तो शब्द राहत्या वस्तीला लावला. खाली दुकान, वर बिऱ्हाड, मागे विहीर आणि कोपऱ्यावर मारुती अशी ती व्यवस्था होती. मीठ संपले, उठावे, मीठ आणावे; फोडणी जळायच्या आत परत यावे. पेठेचे सारे शास्त्र पायांच्या हिशेबाने मांडलेले आहे. दुसरा शब्द 'रहदारी'. फारशीतून आलेला हा शब्द मुळात वाटेवरच्या जकातीचा. वाटसरूने नाक्यावर थांबावे, राहदारी भरावी आणि मग पुढे जावे. पुढे तो अर्थ गळाला आणि रस्त्यावरून होणाऱ्या ये-जा करण्याला आपण रहदारी म्हणू लागलो. लक्ष्मी रस्त्यावर संध्याकाळी सहा वाजता चालून पाहिल्यावर मात्र मला वाटू लागले आहे की जुना अर्थ अजून पुरता गेलेला नाही. पायी चालणारा काही ना काही भरतोच. खांद्याला आरशाचा धक्का, पावलावर चाक, किंवा नुसताच वेळ.

आता मूळ गोष्ट. आमच्या इमारतीत तळमजल्यावर अक्का राहतात. वय एकोणऐंशी. वाडा पडून इमारत झाली तेव्हा वाड्यातली जी दोन-तीन बिऱ्हाडे जागेवर राहिली त्यांतले हे एक. सकाळी मंडईत जाऊन भाजी आणणे आणि संध्याकाळी तुळशीबागेतल्या रामाला जाऊन येणे, हा अक्कांचा चाळीस-पन्नास वर्षांचा नेम. नारो आप्पाजी तुळशीबागवाल्यांनी पेशवाईत उभारलेले ते मंदिर, आणि भोवती हेअरपिनांपासून पूजेच्या उपकरणांपर्यंत सगळे मांडून बसलेला तो बाजार. अक्कांच्या भक्तीत दोहोंचा वाटा किती किती, हे मी कधी विचारले नाही. गेली दोन वर्षे हा नेम मोडला होता. भाजी घरी येऊ लागली. मुलगा फोनवरून मागवतो आणि पिशवी दाराशी येते. "भाजी येते रे," अक्का मला एकदा म्हणाल्या, "भाजीवाली येत नाही."

आम्हाला वाटले, गुडघे. पण त्यांचे गुडघे उत्तम. रोज संध्याकाळी गच्चीवर वीस फेऱ्या मारतात, तेही मोजून. मुलगा शहराच्या पार दुसऱ्या टोकाला नव्या वसाहतीत राहतो. तिकडे लिफ्ट आहे, बाग आहे, बागेत चालायला मऊ वाट आहे. तेव्हा आईने आता तिकडे यावे, असा त्याचा आग्रह, आणि त्याच्या बाजूने पाहिले तर त्यात चूक काही नाही. इमारतीची सभा पाण्याच्या टाकीसाठी भरली होती. टाकीचे झाल्यावर अक्कांनीच विषय काढला. "माझे पाय चालतात. रस्ता चालू देत नाही. एकटीने तुळशीबागेत जाऊन परत येता आले, तर मी इथे राहीन. नाही आले, तर दिवाळीनंतर मुलाकडे जाईन. तिथल्या बागेत फेऱ्या मारायच्या तर मग ही गच्ची काय वाईट आहे?"

सभा गप्प झाली. मग तिसऱ्या मजल्यावरचे ओव्हरसियरकाका घसा खाकरून म्हणाले, "रस्ता चालू देत नाही म्हणजे नेमके काय, ते मोजता येते." तीस वर्षे रस्त्यांच्या कामात काढलेला माणूस. निवृत्तीला दहा वर्षे झाली, पण स्टीलचा टेप अजून खिशात असतो. पहिल्या मजल्यावरची मुलगी वास्तुशास्त्राच्या चौथ्या वर्षाला आहे. तिने तक्ते छापून आणायचे कबूल केले. खाली वह्या-पेनांचे दुकान चालवणारे शेठ म्हणाले, "मीही येतो, नाहीतर तुम्ही दुकानदारांच्याच नावाने शंख कराल." अहवाल लिहायला मराठीचा प्राध्यापक घरचाच होता. आणि अक्का. अक्का नसत्या तर सगळेच व्यर्थ होते, कारण धडधाकट माणसाला रस्ता दिसतच नाही. तो चालून जातो आणि घरी आल्यावर 'गर्दी होती' एवढेच सांगतो.

मोजायचे कशाशी, हा पहिला प्रश्न. मुलीने सांगितले की याला माप आहे. इंडियन रोड्स काँग्रेस नावाची १९३४ सालापासूनची संस्था आहे. आपल्या देशातले रस्ते कसे असावेत याचे दंडक ती घालून देते. पादचाऱ्यांच्या सोयींविषयी तिची एक पुस्तिका २०१२ साली निघाली. तिच्यात म्हटले आहे की पदपथावर चालण्यासाठी मोकळी जागा कमीत कमी १.८ मीटर हवी, आणि बाजाराच्या ठिकाणी त्याहून अधिक. पदपथाची उंची रस्त्यापासून १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको. डोक्यावर २.२ मीटरपर्यंत काही आडवे येता कामा नये. १.८ मीटर म्हणजे साधारण सहा फूट. ओव्हरसियरकाकांनी आमच्यासाठी त्याचे भाषांतर केले: समोरासमोरून छत्री उघडून येणारी दोन माणसे छत्री वाकडी न करता एकमेकांना ओलांडून गेली पाहिजेत. श्रावण होता, छत्र्या बरोबर होत्याच. पुढे दोन दिवस आम्ही टेपपेक्षा छत्र्यांनीच अधिक मोजले.

पहिली फेरी सकाळी अकराला. पाऊस नुकताच थांबलेला. अक्कांनी पुढे चालायचे, आम्ही मागून, आणि त्या जिथे थांबतील, वळतील किंवा खाली उतरतील तिथे लिहायचे, असे ठरले होते. शंभर पावलांत माझ्या लक्षात आले की पदपथ ही सलग गोष्टच नाही. तो एका इमारतीपुढे सुरू होतो, गाडी आत जायच्या वाटेपाशी खाली उतरतो, पुन्हा चढतो, बोळाच्या तोंडाशी संपतो, पलीकडे पुन्हा चढतो. दुकानाच्या पायऱ्या कुठे पदपथावर आल्या आहेत, कुठे पदपथच दुकानाच्या उंबऱ्याला भेटायला वर गेला आहे. आपण हे सगळे न बघता पार करतो. अक्का प्रत्येक चढाला डावा हात गुडघ्यावर ठेवत होत्या. पर्वतीला एकशेतीन पायऱ्या. कुंटे चौक येईपर्यंत निम्मी पर्वती झाली, असे अक्का म्हणाल्या. पर्वतीवर निदान वारा लागतो.

उंचीचीही एक मौज आहे. रस्त्यावर डांबराचा थर चढला की पदपथ ठेंगणा होतो आणि त्यावर गाड्या चढतात. म्हणून पदपथ उंच करायचा. उंच केला की अक्का चढू शकत नाहीत. ओव्हरसियरकाकांच्या मते जुना थर खरवडून मग नवा घालावा, म्हणजे रस्ता आपल्या पातळीवर राहतो. "कागदावर खरवडणे असते," ते म्हणाले, आणि या विषयावर त्याहून अधिक बोलायला त्यांनी नकार दिला. तीस वर्षे नोकरी केलेला माणूस आहे.

पुढे एका कापडाच्या दुकानापुढे पैठणी नेसवलेला पुतळा पदपथाच्या मधोमध उभा होता. अक्कांनी आधी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि त्याला "बाई, जरा सरकता का?" असे विचारले. दुकानातली पोरे हसली आणि एकाने धावत येऊन पुतळा उचलून आत नेला. मुलीने तक्त्यात लिहिले: 'अडथळा, हलवता येण्याजोगा'. तिच्या तक्त्यात अडथळ्यांचे दोन रकाने होते, हलणारे आणि न हलणारे. विजेच्या पेट्या, खांब, झाडाभोवतीचे उंच कट्टे, फलकांचे लोखंडी पाय हे दुसऱ्यात. आणि दुचाक्या? त्यांना चाके असतात म्हणून त्या पहिल्यात घालाव्यात असे मी सुचवले. मुलगी म्हणाली, "सर, मालक तीन तास दुकानात असतो. त्या न हलणाऱ्यातच घालू." पुण्यात दुचाकी लावायला सम-विषम तारखांचा नियम असतो, एका तारखेला या बाजूला, दुसऱ्या तारखेला त्या बाजूला. पादचाऱ्यासाठी असे कुठलेच पंचांग नाही.

रस्ता ओलांडण्याचा प्रकार मात्र सविस्तर सांगायला हवा. रस्ता एकेरी वाहतुकीचा आहे, म्हणजे नियमाप्रमाणे एकाच बाजूला पाहून ओलांडता यावा. एकेरी रस्त्यावर दोन्हीकडे पाहणे हे पुण्यातल्या मुलांना घरीच शिकवतात. अक्का कडेला उभ्या राहिल्या. एक लाट गेली, दुसरी आली. पट्टे होते, पुसट होते, पण होते. त्यांच्यासाठी कोणी थांबत नव्हते. माणसाची चालण्याची गती सेकंदाला १.२ मीटर धरण्याची रीत आहे, असे काका सांगत होते. म्हणजे बारा मीटर रुंदीच्या रस्त्याला दहा सेकंद. अक्कांची चाल त्याच्या निम्मी. त्यांना वीस सेकंद हवीत. त्या वीस सेकंदांची गाड्यांमध्ये फट पडण्याची आम्ही वाट पाहत राहिलो. शेवटी अक्कांनी जुना उपाय काढला. उजवा तळहात उभा धरला, चेहऱ्यावर शाळेतल्या बाईंचा भाव आणला आणि सरळ चालू लागल्या. गाड्या थांबल्या. एका रिक्षावाल्याने तर हात जोडले. पलीकडे गेल्यावर अक्कांचे ओठ थरथरत होते. "दोन वर्षांपूर्वी असाच हात केला होता," त्या म्हणाल्या, "आणि एक थांबला नाही. काही लागले नाही मला, नुसता वारा लागला. पण मग रात्री झोप येईना." त्यांच्या नेमाचे खरे कारण आम्हाला त्या दिवशी, त्या पलीकडच्या कडेला कळले.

त्यांना बसायचे होते. कुठे बसणार? लक्ष्मी रस्त्यावर विकत घेण्यासारखे इतके काही आहे, पण फुकट बसण्याची जागा शोधून पाहा. कुंटे चौकाच्या अलीकडे एका दुकानाच्या पायरीवर त्या टेकल्या. आतून मुलगा आला, म्हटले आता उठवणार. त्याने पाण्याचा पेला आणला होता. "बसा आजी, दुपारपर्यंत गिऱ्हाईक नाही." लक्ष्मी रस्त्यावरची माणसे अशी आहेत. मुलीच्या तक्त्यात 'बैठकव्यवस्था' असा रकाना होता. तिथे तिने शून्य लिहिले, मग खोडले आणि लिहिले 'पायऱ्या'.

तुळशीबागेच्या वळणावर खरे भांडण झाले. तिथे एक बाई खाली पथारी टाकून गजरे आणि राख्या विकत होती. ओव्हरसियरकाकांनी टेप लावला. मोकळी जागा एका छत्रीचीही नव्हती. "लिहा," ते म्हणाले, "अतिक्रमण." अक्का तोवर त्या बाईशी बोलू लागल्या होत्या. दोघींची जुनी ओळख निघाली. बाईने विचारले, "आजी, दोन वर्षं कुठं होता?" आणि मग आमच्याकडे वळून, "यांना कुठं दुखत होतं का?" आमच्यापैकी कोणी हा प्रश्न दोन वर्षांत विचारला नव्हता. अक्कांनी काकांना बजावले, "हिचे नाव अतिक्रमणात घालायचे असेल तर माझे तुमच्या अहवालातून काढा."

काकांचे म्हणणे नियमाला धरून होते आणि अक्कांचे रस्त्याला धरून. तोड मुलीने काढली. पथारीवाल्यांसाठी २०१४ चा कायदा आहे. त्यात शहरातल्या विक्रेत्यांची पाहणी करावी, त्यांना प्रमाणपत्रे द्यावीत, कोणी कुठे बसावे हे ठरवणाऱ्या समितीत निदान ४० टक्के सभासद पथारीवाल्यांमधलेच असावेत, असे आहे. म्हणजे बाईने बसावे की नाही हा प्रश्न नाही. कुठे बसावे हा आहे. मी मोजले तर त्या बाईची पथारी पलीकडे लावलेल्या एका स्कूटरहून लांब नव्हती. शिवाय आम्ही टेप काढताच तिने टोपली आत ओढली होती. स्कूटरने असे काही केले नाही. शेवटी अहवालात वाक्य गेले ते असे: 'या वळणावर दुचाक्यांची रांग दहा पावले मागे घेतल्यास विक्रेते व पादचारी या दोघांनाही जागा पुरेल.' वाक्य माझे, दहा पावले अक्कांची.

त्या सकाळी अक्का रामापर्यंत पोचल्या. परतताना रिक्षा केली. तेव्हा कसोटीला त्या उतरल्या की नाही, यावर आमच्यात एकमत झाले नाही. त्यांनी स्वतः निकाल राखून ठेवला.

दुसरी फेरी शनिवारी संध्याकाळी, अक्कांना वगळून. त्याबद्दल थोडक्यात सांगतो, कारण सगळ्यांनी ती गर्दी पाहिलेली आहे. इतकेच नोंदवतो की सहा वाजल्यानंतर माणसे पदपथ सोडून देतात. ती रस्त्यातून चालतात, गाड्या त्यांच्यामागून मुंगीच्या पावलाने सरकतात, कर्णे वाजतात, आणि पदपथ पुतळे, खोकी व दुचाक्या सुखाने वापरतात. ज्याच्यासाठी जे केले आहे ते सोडून प्रत्येक जण दुसऱ्याच्या जागेत उभा असतो. गाडीत बसलेल्याचे हाल पाहूनही मला वाईट वाटले. अलका चौकात लवकर पोचता यावे म्हणून त्याने गाडी घेतली होती.

या फेरीत शेठ बोलू लागले. त्यांचे म्हणणे साधे होते: "गिऱ्हाईक गाडीवरून येते. गाडी लावायला जागा नाही मिळाली तर ते मॉलमध्ये जाते. तुम्ही पदपथ रुंद करा, मी दुकान बंद करतो." हे म्हणणे त्यांचे एकट्याचे नाही, बाजारपेठेत कुठेही हेच ऐकू येते, आणि ज्याचे पोट त्या दुकानावर आहे त्याला हसून भागत नाही. मुलीने त्यांच्याशी वाद घातला नाही. त्यांच्याच दुकानातली एक वही विकत घेतली, दोन रकाने आखले आणि त्यांच्या गल्ल्याशेजारी ठेवली. आठ दिवस प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारायचे, कसे आलात, आणि रेघ मारायची. आठव्या दिवशी पायी येणाऱ्यांचा रकाना पान उलटून मागच्या बाजूला गेला होता. गाडीवाल्यांचा अर्ध्या पानावर थांबला होता. शेठनी वही दोनदा पाहिली. "पण गाडीवाले जास्त घेतात," ते म्हणाले. "वर्षातून एकदा," त्यांच्या पत्नी आतून म्हणाल्या. गल्ला त्याच सांभाळतात.

एका दुकानावरून शहराचा हिशेब मांडू नये हे खरे. पण ही भीती जुनी आहे आणि ठिकठिकाणी पारखून झालेली आहे. डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथे स्ट्रॉयेट नावाचा असाच मुख्य बाजाराचा रस्ता आहे, साधारण आमच्या या किलोमीटराएवढाच. १९६२ साली तो गाड्यांना बंद करून पाहिला तेव्हा तिथल्या दुकानदारांनीही धंदा बुडणार म्हणून ओरड केली होती. दोन वर्षांनी बंदी कायम झाली, आणि आज तो त्या शहरातला सर्वांत गजबजलेला बाजार आहे. इतक्या लांब जायला नको. दिल्लीतल्या चांदणी चौकात लाल किल्ल्यापासून फतेहपुरी मशिदीपर्यंतचा सव्वा किलोमीटरहून अधिक रस्ता २०२१ साली नव्याने बांधून दिवसा मोटारगाड्यांना बंद झाला. तिथे सगळे आलबेल आहे असे नाही. बंदीला पळवाटा काढणारे तिथेही आहेत. पण चांदणी चौकातली खरेदी काही थांबलेली नाही. आणि खुद्द लक्ष्मी रस्त्यावर २०२१ च्या ११ डिसेंबरला महापालिकेने पादचारी दिन साजरा केला, तेव्हा रस्त्याचा काही भाग दिवसभर वाहनांना बंद होता. मुले रस्त्याच्या मध्यावर बसून चित्रे काढत होती.

अनंत चतुर्दशीचे तर विचारूच नका. विसर्जनाची मिरवणूक याच रस्त्याने जाते आणि हल्ली ती चोवीस तासांच्या पुढे जाते. तेवढा वेळ लाखो माणसे या किलोमीटरात पायांवर उभी असतात. हे मी शेठना सांगितले तेव्हा ते म्हणाले, "त्या दिवशी दुकान बंदच असते." ते बरोबर होते. म्हणून मी मेट्रोचा दाखला दिला. २९ सप्टेंबर २०२४ पासून मंडईच्या पोटात भुयारी स्थानक सुरू झाले आहे. त्याच्या सरकत्या जिन्यावरून जो वर येतो तो पायीच असतो. गाडी त्याच्यापाशी नसतेच. चिंचवडची सून पैठणीसाठी आता अशीच येते. जिन्यातून बाहेर पडल्यावर ती तुमच्या बाजारापर्यंत सुखाने पोचते की पहिल्याच वळणावर कंटाळून परत खाली उतरते, एवढाच प्रश्न आहे. शेठ यावर काही बोलले नाहीत. पण अहवालावर सही करताना त्यांनी 'दुकानदार' असे स्वतःहून लिहिले.

अहवाल दहा पानांचा झाला. त्यात एक वाक्य मुलीच्या आग्रहाने आले: सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये म्हटले आहे की पदपथ वापरता येणे हा घटनेच्या एकविसाव्या कलमातल्या, म्हणजे जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. अक्कांना ते वाचून दाखवले. "एवढ्या मोठ्या कोर्टाला पदपथावर बोलावे लागले?" त्या म्हणाल्या. "बरे झाले." मग त्यांनी आपल्या तीनच मागण्या सांगितल्या, आणि त्या आम्ही पहिल्या पानावर घातल्या. ओलांडायला दोन ठिकाणी थांबा, जिथे गाड्यांना थांबावेच लागेल. बोळाच्या तोंडाशी चढउतार नको, सलग वाट हवी. आणि दर दोनशे पावलांवर टेकायला काहीतरी.

अहवाल आम्ही जिथे द्यायचा तिथे दिला. घेणाऱ्याने तो उलट्या बाजूने धरून शिक्का मारला आणि पोच दिली. महिनाभराने दोन गोष्टी घडल्या. कुणाच्या आज्ञेने ते कळले नाही, पण आमच्या बोळाच्या तोंडाशी गटाराचे उचललेले झाकण खाली बसवून कडेला सिमेंटचा उतार झाला. ओव्हरसियरकाका रोज सकाळी जाऊन त्याच्यावर पाय ठेवून येतात. आणि वाटेतल्या एका कापड-दुकानदाराने, ज्याच्या पायरीवर अक्का टेकल्या होत्या त्यानेच, दुकानापुढे एक लाकडी बाकडे आणून ठेवले. जुने, शाळेतल्यासारखे, पाठ नसलेले.

घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी अक्का त्या बाकड्यापर्यंत एकट्या गेल्या. आम्ही दोघे-तिघे, त्यांना दिसणार नाही अशा बेताने, मागे होतो. त्या बसल्या. पदर सारखा केला. जाणाऱ्या-येणाऱ्यांकडे पाहत राहिल्या, आणि बऱ्याच वेळाने मागे वळून न पाहताच म्हणाल्या, "या पुढे. दिसताय मला."

ओव्हरसियरकाका पुढे झाले ते टेप हातात घेऊनच. बाकड्याच्या कडेपासून पदपथाच्या कडेपर्यंत त्यांनी टेप ताणला, आकडा पाहिला आणि त्यांचा चेहरा पडला. सहा फुटांना चार बोटे कमी भरत होती. आमच्याच दंडकाप्रमाणे हे बाकडे अडथळ्यांच्या रकान्यात जात होते. काका माझ्याकडे पाहू लागले, मी मुलीकडे. तक्ता तिच्यापाशी होता.

"लिहा हवे तर," अक्का म्हणाल्या. "पण मी उठल्यावर."